सायकलफेरी झाली, पत्रके वाटली. पण शाळेसमोरच्या गाड्या कमी होत नाहीत. मोहिमेची दिशा कशी ठरवावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या वस्तीतील तीसेक कुटुंबांनी मिळून वाहनांच्या धुराविरुद्ध एक मोहीम सुरू केली, तिला आता वर्ष होत आले. या वर्षात आम्ही एक मोठी सायकलफेरी काढली, दोनदा ‘वाहनाविना दिवस’ पाळला, घरोघरी पत्रके वाटली आणि शाळेतील मुलांकडून भित्तिचित्रे करून घेतली. फेरीच्या दिवशी रस्त्यावर इतकी माणसे होती की आम्हालाच आश्चर्य वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शाळेच्या फाटकासमोर इंजिने चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग होती तशीच होती, आणि त्यांत आदल्या दिवशी उत्साहाने सायकल चालवणारे पालकही होते. मी त्यांना दोष देत नाही, कारण उशीर झाला किंवा पाऊस आला की मीही मुलीला गाडीनेच सोडते.

तीन गोष्टींबाबत मार्गदर्शन हवे आहे. आमच्याकडे मनुष्यबळ थोडे आहे, तेव्हा ते नेमके कोठे लावावे? दुसरे असे की, शाळेच्या भिंतीवर आम्ही हवा मोजणारा एक स्वस्त सेन्सर बसवला आहे. वाहनाविना दिवशी त्याने सूक्ष्म कणांचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त दाखवले, आणि तेव्हापासून ‘गाड्यांचा आणि धुराचा संबंध नाही’ असे म्हणणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत अधिक टोचते. गुडघ्यांच्या आजारामुळे फार चालू न शकणाऱ्या एका शेजारीण आजींनी मला विचारले की, तुमची मोहीम धडधाकट माणसांसाठीच आहे का? त्यांना द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

प्रतिसाद १

मी काही वर्षे वाहतूक नियोजनाचे काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते सविस्तर लिहितो.

मोहिमा बहुधा ‘गाडी वापरू नका’ असे सरसकट आवाहन करतात. ज्याला रोज पंचवीस किलोमीटर दूर कामाला जायचे आहे, त्याच्यासमोर या आवाहनाचा काहीच उपयोग नसतो, कारण त्याचा पर्याय तुमच्या हाती नाही. तो बस आणि रेल्वेच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे. तुमच्या हाती आहेत त्या एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, आणि योगायोगाने धुराच्या हिशेबात प्रत्येक किलोमीटरमागे त्याच सर्वांत घाणेरड्या असतात. पेट्रोल गाडीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू निकामी करणारे उपकरण, साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच नीट काम करतो. थंड इंजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत विषारी वायू जवळजवळ न गाळताच बाहेर पडतात. घर ते शाळा हे अंतर दीड किलोमीटर असेल तर तो कन्व्हर्टर पुरता तापण्याआधीच फेरी संपते, मग गाडी फाटकासमोर उभी राहते, आणि तिचा धूर नेमका मुलांच्या तोंडाच्या उंचीवर सोडला जातो. सायकलने किंवा पायी सहज करता येण्याजोगी फेरी आणि हवेला सर्वाधिक महाग पडणारी फेरी ही एकच आहे, हे ज्या मोहिमेच्या लक्षात येते तिचे काम निम्मे सोपे होते.

म्हणून माझा सल्ला असा की, संपूर्ण वस्ती हा विषय वर्षभरासाठी बाजूला ठेवावा आणि एक रस्ता व एक वेळ निवडावी. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी, थोडा वेळ, फाटकासमोरचा रस्ता वाहनांना बंद ठेवणे ही पद्धत इटलीतील बोल्झानो शहरात १९८९ पासून वापरात आहे आणि तेथून ती युरोपात दूरवर पसरली. लंडनमध्ये १८ प्राथमिक शाळांजवळ सेन्सर लावून केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुले सोडण्याच्या सकाळच्या वेळेत नायट्रोजन डायऑक्साइड या इंजिनाच्या धुरातील घातक वायूचे प्रमाण २३ टक्क्यांपर्यंत कमी झालेले आढळले. सरकारी परवानगी मिळेपर्यंत थांबावे लागेल अशी भीती वाटत असेल तर ब्रुसेल्सचे उदाहरण पाहावे. तेथे २०१८ मध्ये पालकांनी शुक्रवारी सकाळी शाळेसमोरचा रस्ता काही काळ अडवून तेथेच चहा-कॉफी घेत उभे राहण्याचा परिपाठ सुरू केला. तो आठवड्यामागून आठवडा चालू राहिला, म्हणूनच शहराच्या प्रशासनाला त्याची दखल घ्यावी लागली.

रस्ता बंद करण्याइतकेच दुसरे काम महत्त्वाचे आहे, ते म्हणजे मुलांना पायी आणण्याची विश्वासार्ह व्यवस्था. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एन्ग्विक्ट यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ‘चालती बस’ ही कल्पना अगदी साधी आहे: ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, ठरलेल्या मिनिटाला तेथे येणारे दोन पालक आणि त्यांच्यासोबत चालणारी मुलांची रांग. बार्सिलोनामध्ये २०२१ पासून हीच गोष्ट सायकलींवर होते. मुलांचा मोठा जथा रस्त्याच्या मध्यातून जातो आणि पालक कडेने चालवत त्याला सांभाळतात. अशा व्यवस्थेने पालकांचा रोजचा अर्धा तास वाचतो, हे मी मुद्दाम सांगतो, कारण प्रदूषणाच्या भाषणापेक्षा वाचलेला अर्धा तास अधिक पालकांना पटतो. पाच कुटुंबांनी आठवड्यातला एकेक दिवस वाटून घेतला तर प्रत्येकाला चार दिवस मोकळे मिळतात.

आणखी एक लहानशी गोष्ट. रस्ता बंद होईपर्यंत निदान उभ्या गाडीचे इंजिन बंद करण्याचा आग्रह आजपासून धरता येतो. दहा सेकंदांपेक्षा अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यातच इंधन कमी जळते. हे सांगताना सूर मात्र विनंतीचा असावा, कारण त्याच पालकाला पुढच्या महिन्यात स्वयंसेवक म्हणून बोलवायचे आहे.

प्रतिसाद २

सेन्सरबाबत लिहिते, कारण वर्षभराच्या मेहनतीवर एका चुकीच्या आकड्याने पाणी पडलेले मी जवळून पाहिले आहे.

स्वस्त सेन्सर हवेतील कणांवर प्रकाश टाकून तो किती विखुरतो यावरून त्यांचे प्रमाण ठरवतात. हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सरला ते असतात त्याहून जास्त भासतात. त्यामुळे धुक्याच्या सकाळी वाहने नसतानाही आकडा वर जाऊ शकतो. याखेरीज २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो, ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करतात. शेतातील जाळपोळ, वीजकेंद्रे, कारखाने, घरातील चुली आणि बांधकामाची धूळ यांचा त्यात मोठा वाटा असतो. जगभरातील शहरांच्या सरासरीने पाहिले तर वाहतुकीचा वाटा सुमारे एक चतुर्थांश भरतो. अर्थात, एका गल्लीतील गाड्या एका दिवसासाठी थांबवल्यावर तेथील पीएम २.५ झपाट्याने उतरेल अशी अपेक्षा करणेच चूक होते. आपल्या विरोधकांचे म्हणणे खोटे आहे, पण त्यांना तो आकडा आपणच चुकीच्या जागी वापरून दिला.

वाहनांचा माग काढायचा असेल तर नायट्रोजन डायऑक्साइड मोजावा. तो मुख्यतः इंजिनांतून येतो आणि रस्त्यापासून दूर गेल्यावर लवकर विरळ होतो, त्यामुळे मुख्य रस्ता आणि आतली गल्ली यांतील फरक तो स्पष्ट दाखवतो. त्यासाठी बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी मिळते. तिच्या बंद टोकाला रसायन लावलेली जाळी असते, ती दोन ते चार आठवडे टांगून ठेवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात मे २०१८ मध्ये सुमारे २०,००० घरांनी, शाळांनी आणि संस्थांनी आपल्या रस्त्याकडेच्या खिडकीत अशा नळ्या लावल्या होत्या. अँटवर्प विद्यापीठ, एक वृत्तपत्र आणि तेथील पर्यावरण खाते यांनी मिळून हे काम केले. या मोजणीतून शहराची सरासरी किती फसवी असते हे लोकांना कळले, कारण एकमेकांपासून काही शे मीटरवरच्या दोन रस्त्यांच्या आकड्यांत मोठी तफावत निघाली. उंच इमारतींच्या मधल्या अरुंद, वर्दळीच्या रस्त्यांवर वायू कोंडून राहत होता.

रस्त्यागणिक मोजणी कशासाठी, असे कोणी विचारले तर लंडनच्या एला अडू-किसी-डेब्रा या मुलीचे उदाहरण सांगावे. ती वर्दळीच्या एका वाहतूकमार्गाजवळ राहत होती आणि तिला तीव्र दमा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये वयाच्या नवव्या वर्षी ती गेली. तिच्या आईने, रोझमंड यांनी, अनेक वर्षे पाठपुरावा केल्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची पुन्हा चौकशी झाली आणि वायुप्रदूषण हे तिच्या मृत्यूच्या कारणांपैकी एक असल्याची नोंद झाली; मुख्य स्रोत वाहनांचा धूर होता असेही चौकशी अधिकाऱ्यांनी म्हटले. शहराच्या सरासरीत ती मुलगी कधीच दिसली नसती.

तरीही माझे मत विचाराल तर हवा मोजण्याच्या आधी गाड्या मोजाव्यात. शाळेच्या फाटकावर दोन माणसांनी वही घेऊन, सलग दोन आठवडे, ठरलेल्या वीस मिनिटांत किती गाड्या, किती दुचाकी, किती सायकली आणि किती मुले पायी आली एवढे लिहावे, आणि शेजारच्या एखाद्या शाळेसमोर, जेथे मोहीम नाही, तेथेही तसेच करावे. हा दुसरा आकडा नसेल तर सुट्टीमुळे किंवा पावसामुळे झालेला बदल आपण आपल्या खात्यावर मांडून बसतो. गाड्या शंभरावरून साठवर आल्या, ही गोष्ट वारा, धुके आणि ऋतू यांपैकी कशावरही अवलंबून नसते आणि तिच्यावर वाद घालणे कठीण असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर ४० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली, आणि पीएम २.५ ची १० वरून ५ वर. हे आकडे पत्रकात जरूर द्यावेत, पण आपल्या यशाचे माप म्हणून देऊ नयेत. तेथवर पोहोचणे एका वस्तीच्या हातात नाही.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे, कारण मला त्यांतून एका दिवसाच्या उपक्रमाविषयी थोडी उपेक्षा जाणवली. एक दिवस वाया जातो तो एकटा राहिल्यामुळे. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे डिसेंबर १९७४ मध्ये सायकलप्रेमींनी काही तासांसाठी मुख्य रस्ते मागून घेतले, तेव्हा तोही एक दिवसच होता. पुढे तो दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी होऊ लागला. आज सकाळी ७ ते दुपारी २ या वेळात १२० किलोमीटरहून अधिक रस्ते चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी मोकळे असतात. त्याच शहराने फेब्रुवारी २००० मध्ये कामाच्या दिवशी खासगी गाड्या बंद ठेवून पाहिल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सार्वमत घेऊन तो दिवस दरवर्षीसाठी पक्का केला. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या रस्त्यावरून चालणे ही सहल असते. कामाच्या दिवशी तसे केले की बस कोठे कमी पडते, कोणत्या चौकात रस्ता ओलांडता येत नाही, हे सगळे उघड होते. तुमचे दोन दिवस रविवारी पाळले गेले असतील तर पुढचा मंगळवारी पाळून पाहा.

अनुभव घेतल्यावर लोकांचे मत बदलते, याचा स्टॉकहोमसारखा दाखला क्वचितच सापडेल. तेथे शहराच्या मध्यभागी येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावण्याला बहुसंख्य नागरिकांचा विरोध होता. जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने ते प्रायोगिक म्हणून लावले. त्या भागाची सीमा ओलांडणारी वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली, आणि सप्टेंबरातील सार्वमतात शहरातील मतदारांनी बहुमताने ते राखण्याच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले. म्हणून प्रशासनाकडे जाताना ‘कायमचा बदल करा’ असे न म्हणता ‘सहा महिने करून पाहू, मोजू आणि मग ठरवू’ असे म्हणावे. सहा महिन्यांसाठी नकार देणे अवघड जाते.

मोहिमेचे बोलणे नेहमी धुरापुरते ठेवू नये, हेही सुचवावेसे वाटते. सायकलींचा देश म्हणून आज आपण ज्या नेदरलँड्सकडे पाहतो, तो सत्तरच्या दशकाच्या आरंभी झपाट्याने मोटारींचा देश होत चालला होता. १९७१ मध्ये तेथे रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ पालकांनी उभारली, रस्ते अडवले आणि मुलांना खेळायला मोकळे केले. १९७३ च्या तेल संकटात सरकारने मोटारविरहित रविवार जाहीर केले तेव्हा लोकांनी शांत रस्ते स्वतः अनुभवले. १९७६ मध्ये तेथील कायद्याने वस्तीतील ठरावीक रस्त्यांवर चालणाऱ्यांना अग्रक्रम दिला. हवेचा शब्दही फारसा न उच्चारता त्या पालकांनी हवेचे केवढे भले केले! मायक्रोग्रॅम समजून घ्यायला वेळ लागतो, रस्ता ओलांडताना मुलाचा हात घट्ट धरणे प्रत्येक पालकाला ठाऊक असते.

दोन फसलेले मार्गही सांगून ठेवतो, कारण ते कोणीतरी तुमच्या बैठकीत सुचवणारच. मेक्सिको सिटीत १९८९ पासून नंबरप्लेटच्या शेवटच्या अंकाप्रमाणे आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवण्याची सक्ती आली. अनेकांनी वेगळ्या क्रमांकाची दुसरी, बहुधा जुनी आणि जास्त धूर सोडणारी गाडी घेतली. हवा सुधारल्याचा पुरावा नंतरच्या अभ्यासात मिळाला नाही. एस्टोनियाच्या टॅलिन शहराने २०१३ मध्ये रहिवाशांसाठी सार्वजनिक वाहतूक मोफत केली, तेव्हा नवे प्रवासी गाड्यांतून कमी आणि पायी चालणाऱ्यांतून जास्त आले. भाडे शून्य असले तरी बस अर्ध्या तासाने येणार असेल आणि गाडी दाराशी उभी असेल, तर माणूस गाडीच काढतो.

प्रतिसाद ४

मी कुबड्या वापरते. तुमच्या शेजारीण आजींचा प्रश्न अनेक बैठकांत मीही विचारला आहे, त्यामुळे थोडक्यात पण स्पष्ट लिहिते.

मला गाडीची गरज आहे, आणि म्हणूनच ज्यांना ती गरज नाही त्यांनी रस्ता मोकळा करावा असे मला वाटते. शाळेसमोर दुहेरी रांग लागली की मला उतरवणारी गाडी थांबायला जागा उरत नाही आणि पदपथावर चढवलेल्या दुचाकींमुळे मला रस्त्यावर उतरून चालावे लागते. रस्ता ठरावीक वेळी बंद ठेवाल तेव्हा अपंग, आजारी आणि वृद्ध व्यक्तींची वाहने, रुग्णवाहिका आणि तेथे राहणाऱ्यांची वाहने यांना सूट आहे हे पहिल्याच पत्रकात, ठळक अक्षरांत छापा. मागाहून दिलेली सूट उपकारासारखी वाटते. त्याच पत्रकात प्रत्येक शंभर-दीडशे मीटरवर बसायला बाक आणि पदपथाला जेथे तेथे उतार हवा, ही मागणी जोडा. फार चालू न शकणाऱ्या माणसाला बाक असेल तर अर्धा किलोमीटर चालता येते, नसेल तर घराबाहेर पडणेच थांबते. तीनचाकी सायकल आणि विजेवर चालणारी सायकल ही गुडघे दुखणाऱ्यांसाठी खरी सोय आहे, पण दोनच चाकांच्या हिशेबाने आखलेल्या अरुंद मार्गिकेत तीनचाकी मावत नाही, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आणि कृपा करून आजींना पुढच्या बैठकीला बोलवा. त्यांच्या वतीने उत्तर शोधण्यापेक्षा ते सोपे आहे.

प्रश्नकर्तीचा उपप्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या हातून सेन्सर चुकीच्या ठिकाणी वापरला गेला हे वाचून वाईट वाटले, पण कारण कळले. एक शंका राहिली आहे. काही पालक म्हणतात की, प्रदूषित रस्त्यावर सायकल चालवताना मूल जोराने श्वास घेते, तेव्हा बंद काचांच्या गाडीत ते अधिक सुरक्षित असते. त्यांना काय सांगावे?

प्रतिसाद २ (पुढे)

शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकू नये. श्वासाचा वेग वाढतो हे खरे आहे. पण वाहनांच्या रांगेतील गाडी पुढच्या गाडीचा धूर आत ओढत असते. केवळ काच लावल्याने तो थांबत नाही. व्यायामाचा लाभ आणि प्रदूषणाची हानी यांची तुलना करणारा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातील शहरांच्या सरासरीइतके, म्हणजे प्रति घनमीटर सुमारे २२ मायक्रोग्रॅम पीएम २.५ असताना, दिवसाला कित्येक तास सायकल चालवल्यानंतरच हानी लाभापेक्षा जड होऊ लागते, असे त्यात दिसले. प्रमाण १०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेले तरी ही सीमा दिवसाला सुमारे दीड तासावर येते. शाळेची फेरी वीस मिनिटांची असते. मात्र ही गणिते प्रौढांची आहेत आणि दम्याच्या मुलाला ती तशीच लावू नयेत. त्याच्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आणि त्या दिवशीची हवा पाहूनच ठरवावे. हवा फार खराब असलेल्या दिवशी चालती बस रद्द करण्याचा नियम आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी गोंधळ होत नाही.

याहून उपयोगी गोष्ट म्हणजे मार्ग बदलणे. मोठ्या रस्त्याच्या कडेला धुराचे अतिसूक्ष्म कण सर्वाधिक असतात आणि सुमारे तीनशे मीटर आत गेल्यावर ते आजूबाजूच्या हवेच्या पातळीवर येतात. चालत्या बसचा मार्ग आतल्या गल्ल्यांतून आखला आणि त्यासाठी पाच मिनिटे जास्त लागली, तरी ती पाच मिनिटे खर्चावीत. दोन्ही मार्गांवर नळ्या टांगून फरक पालकांना दाखवता आला तर फारच उत्तम.

प्रतिसाद १ (पुढे)

विजेच्या गाड्या आल्या की हा प्रश्नच मिटेल, असे म्हणणारेही भेटतील, म्हणून एवढी भर घालतो. त्यांच्या मागून धूर येत नाही, हा मोठा लाभ आहे आणि तो नाकारू नये. पण टायर झिजतात, रस्त्यावरची धूळ उडते, ब्रेकचे कणही थोडेफार सुटतातच, आणि शाळेसमोरची गर्दी तेवढीच राहते. वीस मुलांसाठी वीस गाड्या येणार असतील तर त्या कशावर चालतात याने फाटकावरचा धोका बदलत नाही.

प्रश्नकर्तीचा निरोप

काल आमची बैठक झाली. आजी आल्या होत्या. बंद ठेवायच्या रस्त्याचा नकाशा टेबलावर ठेवल्यावर त्यांनी पहिल्यांदा एक चूक दाखवली: आम्ही अडथळा जेथे ठेवणार होतो तेथून दवाखान्याचे दार पलीकडे राहत होते. अडथळा चाळीस मीटर शाळेच्या दिशेने सरकवला आहे, आणि बाक कोठे हवेत याची यादी त्या स्वतः चालून करणार आहेत.

पुढच्या सोमवारपासून दोन आठवडे फाटकावर आणि शेजारच्या शाळेसमोर मोजणी होईल. त्यानंतर दर मंगळवारी दोन मार्गांवर चालती बस निघेल. एक मार्ग आतल्या गल्लीतून जातो आणि सहा मिनिटे लांब आहे. सहा कुटुंबांनी नावे दिली, त्यांत सायकलफेरीनंतर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आलेले दोन पालकही आहेत. प्रशासनाला सहा महिन्यांच्या प्रयोगाचे पत्र लिहून झाले आहे. मोजणीचे आकडे हाती आले की येथे देईन, ते आमच्या मनासारखे नसले तरीही.